दान नव्हे, वाटा

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे देशातील सर्वांत मोठ्या दानशूरांची यादी प्रसिद्ध होते आणि वृत्तपत्रे ती ठळकपणे छापतात. कोणी किती कोटी दिले, गतवर्षी पाचवा असलेला यंदा तिसरा कसा झाला, कोण नव्याने आला आणि कोण घसरला, याचे वर्णन क्रिकेटच्या धावफलकाला शोभेल अशा उत्साहाने केले जाते. त्याच अंकाच्या आतल्या पानावर कापसाच्या भावाची बातमी दोन परिच्छेदांत आटोपलेली असते. या दोन बातम्यांचा परस्परांशी काही संबंध असावा, अशी शंका संपादकांना येत नाही आणि वाचकांनाही येत नाही. खानदेशात आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र ती आल्यावाचून राहत नाही.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात मुंगसाची एक कथा आहे. धर्मराजाचा यज्ञ आटोपला आहे, असे दान पूर्वी झाले नाही अशी वाहवा चालली आहे, एवढ्यात अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस भर मंडपात येते आणि सांगते, की कुरुक्षेत्रातल्या एका दरिद्री ब्राह्मणाच्या मापभर सातूच्या पिठाची सर या यज्ञाला नाही. त्या उपाशी कुटुंबातल्या प्रत्येकाने दारी आलेल्या अतिथीला आपापल्या वाट्याचे पीठ दिले होते. तेथे सांडलेल्या कणांत लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले, उरलेले अर्धे मात्र राजाच्या यज्ञभूमीत लोळूनही तसेच राहिले. धर्मराज काही ढोंगी नव्हता. त्याने दिले ते मनापासूनच दिले. तरीही व्यासांना ही कथा यज्ञाच्या अगदी शेवटी, जयजयकार चालू असतानाच सांगावीशी वाटली. आज तेच मुंगूस उद्योगपतींच्या एखाद्या पुरस्कार सोहळ्यात शिरले, तर सुरक्षारक्षक त्याला दारातच अडवतील.

विषमतेचा प्रश्न काढला की आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. हा विषय डाव्यांचा, आपण कशाला त्यात पडायचे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती टाकून दिली पाहिजे. २०२४च्या मार्च महिन्यात ‘वर्ल्ड इनइक्वालिटी लॅब’ या पॅरिसस्थित संस्थेच्या अभ्यासकांनी जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२-२३मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता. या मंडळींचा कल कोणीकडे आहे हे आपण जाणतो. त्यांच्या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. पण आकडे पाच-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे केले, तरी चित्र बदलत नाही. ज्या पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५च्या एप्रिलमध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापासून विकासाचे मोजमाप करायला शिकवले, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी या आकड्यांकडे पाठ फिरवणे शोभत नाही.

अमळनेरचे दोन धडे

दान आणि विषमता यांचा संबंध समजून घ्यायला अमेरिकेतल्या अब्जाधीशांकडे जाण्याचे कारण नाही. जळगाव जिल्ह्यातले बोरी नदीकाठचे अमळनेर पुरेसे आहे.

या गावाला श्रीमंत प्रतापशेठ लाभले. प्रताप मिल त्यांची. आसपासच्या काळ्या जमिनीतला कापूस गिरणीत आला, त्याचे सूत झाले, कापड झाले आणि त्यातून शेठजींचे वैभव उभे राहिले. त्या वैभवातून त्यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी एका गिरणीमालकाने तालुक्याच्या गावी संस्था काढावी आणि तेथे कृष्णचंद्र भट्टाचार्य, घनश्यामदास मलकानी यांच्यासारख्या तत्त्वचिंतकांनी येऊन राहावे, ही गोष्ट आजही नवल वाटावी अशी आहे. पुढे १९४५ साली खानदेश एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले, त्यालाही प्रतापशेठजींचेच नाव आहे. खानदेशातल्या कित्येक शेतकरी कुटुंबांतला पहिला पदवीधर या महाविद्यालयाने घडवला. साने गुरुजी याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे तेच गुरुजी खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. दात्याच्या संस्थेत वाढलेला माणूस दात्याच्याच वर्गाला जाब विचारायला मोकळा राहिला, यात त्या दानाची प्रतिष्ठा आहे. हल्लीच्या किती प्रायोजित संस्थांबद्दल असे म्हणता येईल?

पण गिरणीचा भोंगा आज वाजत नाही. तत्त्वज्ञान मंदिराचे नाव राहिले, महाविद्यालय राहिले, मात्र ज्या कारखान्याच्या नफ्यातून ते उभे राहिले त्यात घाम गाळणाऱ्यांच्या हाती मालकीचा एक तुकडाही नव्हता. दान टिकले आणि दानाचा झरा आटला, तेव्हा कामगारांना दानातले काही मागता येईना आणि झऱ्यावर तर त्यांचा हक्कच नव्हता. शेठजींची निंदा करण्याचा हेतू नाही. त्यांच्या काळात त्यांच्याइतके देणारे फार थोडे होते. तरीही हा हिशेब मांडून ठेवला पाहिजे.

दुसरा धडा याच गावातला. १९४५च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही तेलाची कंपनी काढली. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा ‘७८७’ साबण ही तिची उत्पादने. फाळणी झाली, अनेक धनिक मुसलमान कुटुंबे कराचीला गेली, प्रेमजी गेले नाहीत. १९६६ साली ते वारले तेव्हा अमेरिकेत शिकत असलेला त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा परत आला आणि त्याने या तेलाच्या कंपनीचे पुढे काय केले, ते ‘विप्रो’ हे नाव ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

अझीम प्रेमजी यांच्या दानाविषयी उपहासाचा एक शब्दही लिहिण्याची माझी इच्छा नाही. २०१९च्या मार्चमध्ये त्यांनी विप्रोच्या आणखी ३४ टक्के समभागांचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने ५२,७५० कोटी रुपयांच्या संपत्तीचा आर्थिक लाभ आपल्या प्रतिष्ठानकडे वळवला. त्याआधीचे धरून ही रक्कम १ लाख ४५ हजार कोटींच्या घरात गेली आणि कंपनीच्या आर्थिक मालकीचा ६७ टक्के भाग प्रतिष्ठानच्या कार्यासाठी कायमचा राखून ठेवला गेला. लग्नात विमाने उडवणाऱ्या आणि सत्तावीस मजल्यांचे घर बांधणाऱ्या धनिकांच्या देशात हा माणूस वेगळा आहे. त्यांचे शिक्षणातील काम कष्टाचे आहे, दिखाऊ नाही. त्यांचे पहिले विद्यापीठ बंगळुरूत आहे आणि दुसरे भोपाळला आहे. जेथे तेलाची पहिली घाणी फिरली, तेथे ते का नसावे, हा प्रश्न अमळनेरकराच्या मनात येतो, पण तोही तूर्त बाजूला ठेवू.

कारण प्रेमजी कुटुंबाने अमळनेरला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट दानाच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. कंपनीचे समभाग विक्रीला आले तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी, मास्तरांनी, शेतकऱ्यांनी ते थोडेथोडे घेतले. काहींनी ओळखीच्या माणसाच्या शब्दावर घेतले, काहींनी भिडेपोटी घेतले आणि कागद ट्रंकेत टाकून विसरून गेले. बोनस समभाग मिळत गेले, समभागांचे विभाजन होत गेले आणि चार-पाच दशकांनी त्या कागदांचे सोने झाले. अमळनेरच्या गल्लीबोळांत राहणाऱ्या, धोतर-टोपीतल्या कोट्यधीशांच्या कथा देशभरच्या वृत्तपत्रांनी छापल्या आहेत. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचा दुसरा मजला, आईचे आजारपण या सगळ्याला त्या कागदाने हात दिला. यासाठी त्यांना कोणापुढे अर्ज करावा लागला नाही, लाभार्थी म्हणून छायाचित्रासाठी उभे राहावे लागले नाही, कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. कारण ते त्यांना मिळालेले दान नव्हते, तो त्यांचा वाटा होता.

एकाच गावात, एकाच शतकात हे दोन्ही प्रयोग झाले. पहिल्याने विद्या दिली आणि ती अनमोल होती. दुसऱ्याने मालकी दिली. अर्थात तीही सर्वांना मिळाली नाही. ज्याच्या हाती त्या काळी शंभर रुपये मोकळे होते त्यालाच ती मिळाली, कारखान्यातला हमाल आणि कापूस वेचणारी बाई त्यात नव्हती. ती त्यात असती तर काय झाले असते, हा विचार दत्तोपंत ठेंगडी यांनी केला होता. १९५५ साली भारतीय मजदूर संघ स्थापन करताना आणि नंतर आयुष्यभर त्यांनी उद्योगांच्या श्रमिकीकरणाची मागणी मांडली. भांडवल घालणारा जसा भागीदार, तसा श्रम घालणाराही भागीदारच, असे ते सांगत. आपल्या शिबिरांतून हा विषय आता किती वेळा निघतो?

संविभाग

डाव्या विचारवंतांचे या प्रश्नावरचे उत्तर ठरलेले आहे. दान म्हणजे भांडवलशाहीचा मुखवटा, खरा उपाय म्हणजे सगळे शासनाच्या ताब्यात द्या. यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे. दुसऱ्याचा अनुभव खानदेशाने घेतला आहे. चाळीसगाव आणि धुळे येथील कापडगिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. मालक बदलला, फाटकावरची पाटी बदलली, आणि काही वर्षांनी कुलूप लागायचे ते लागलेच. कामगार शेठजींच्या वेळी जसा मालक नव्हता तसा सरकारच्या वेळीही नव्हता. सगळ्यांची मालकी म्हणजे कोणाचीच नाही, हे कळायला सोव्हिएत रशियाला सत्तर वर्षे लागली, आपल्याला तेवढी लागू नयेत.

आपल्या परंपरेत याहून नेमका शब्द आहे. आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्यात ‘दान’ या शब्दाचा अर्थ ‘संविभाग’ असा दिला आहे. संविभाग म्हणजे नीट केलेली वाटणी. उपकार, भीक, दया यांपैकी कोणतीही छटा त्या शब्दात नाही. शेतातल्या खळ्यावर बलुतेदाराचा पेंढीभर वाटा जसा बाजूला निघे, तसा हा विभाग आहे. (बलुतेदारीत अन्याय नव्हता असे म्हणण्याचा भोळेपणा मी करणार नाही. वाटा ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे होता आणि तेथेच ती व्यवस्था कुजली.) गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस, अवमान करून दिलेले ते तामस. खानदेशातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. रुग्णवाहिकेवर ‘रुग्णवाहिका’ या अक्षरांपेक्षा दात्याचे नाव मोठे असते. जूनमध्ये वह्यावाटप होते आणि वहीच्या मुखपृष्ठावर सरस्वतीऐवजी भावी आमदाराचा चेहरा असतो. दोन रुपयांच्या पेनाच्या बदल्यात मुलाला चार तास मंडपात बसवून ठेवतात. हे राजस की तामस, ते वाचकांनीच ठरवावे.

संविभागाचा हा अर्थ आधुनिक काळात कोणी रस्त्यावर आणला असेल तर तो विनोबांनी, आणि त्याची एक जागा धुळ्यात आहे. १९३२च्या फेब्रुवारी ते जून या काळात धुळ्याच्या कारागृहात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. एकोणीस वर्षांनी, १९५१च्या एप्रिलमध्ये, तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाचा प्रारंभ झाला, तेव्हा विनोबांनी जमीनदारांकडे भिक्षा मागितली नाही. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. दान या शब्दाला त्यांनी हक्काची धार दिली. तरीही भूदानाचे काय झाले हे लपवण्यात अर्थ नाही. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन कागदावर मिळाली, आणि तिचा मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही. काही खडकाळ होती, काही तंट्यातली होती, काही ठिकाणी दात्याच्या मुलाने बापाचा शब्द मानला नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला वाटा किती टिकतो, याचे इतके मोठे उदाहरण दुसरे नाही. आपल्यापैकी ज्यांना विनोबांचे राजकारण पटत नव्हते, त्यांनीही या अपयशातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

भूदान हा शब्दाचा भरवसा होता, आता कायदा आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कंपनी जेथे काम करते तेथील परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायद्यात लिहिले आहे. ते वाचायला छान वाटते. पण नंतर कंपनी व्यवहार मंत्रालयाने खुलासा केला, की हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. मग व्हायचे तेच झाले. या निधीच्या बाबतीत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे, अशी शेखी आपण मिरवतो, पण पैसा मुंबई-पुण्याच्या आसपास घोटाळत राहतो, कारण कार्यालये तेथे आहेत, अहवाल लिहिणारी माणसे तेथे आहेत आणि उद्घाटनाला येणाऱ्या अधिकाऱ्याचे विमान तेथे उतरते. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०१८पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा त्याची, निधी दुसऱ्यांचा.

शिवाय दात्याच्या शंभर रुपयांतले सगळे त्याचे नसतात. ज्याला आपण वर्षानुवर्षे ‘ऐंशी-जी’ म्हणून ओळखतो त्या सवलतीत तीस टक्के कराच्या टप्प्यातल्या माणसाने शंभर रुपये दिले आणि त्यातल्या निम्म्यावर सूट मिळाली, तर पंधरा रुपये सरकारी तिजोरीतून गेलेले असतात. ते तुमचे-माझे असतात. त्यांचा विनियोग कोठे व्हावा हे मात्र एकटा दाता ठरवतो. नव्या करप्रणालीत गेलेल्या नोकरदाराला ही सवलतही नाही. तो बिचारा गुपचूप देतो, पावती घेतो आणि विसरतो. २०१५च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला. त्यातून वसुली फार होत नव्हती हे खरे, आणि त्याऐवजी अतिश्रीमंतांवर अधिभार आला हेही खरे. पण दहा वर्षांनंतर या अदलाबदलीचा हिशेब कोणी मागू नये काय? आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, ही शिकवण आपल्याला कोणी दिलेली नाही.

आपल्या दारातला प्रश्न

इथवर लिहिले ते इतरांविषयी. आता आपल्याविषयी.

१९२८ साली नागपुरात संघाचा पहिला गुरुदक्षिणा उत्सव झाला. तेव्हापासूनची रीत प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक आहे. पाकीट बंद असते, ध्वजापुढे ठेवले जाते. शेजारच्याने किती ठेवले ते आपल्याला कळत नाही आणि आपले त्याला कळत नाही. कारखानदार आणि त्याच्याकडचा कारकून एकाच रांगेत असतात. देण्याची याहून समतेची पद्धत मी पाहिलेली नाही. एकनाथजी रानडे यांनी कन्याकुमारीच्या शिलास्मारकासाठी लाखो लोकांकडून एकेक रुपया गोळा केला आणि १९७० साली स्मारक उभे राहिले. २०२१च्या प्रारंभी श्रीराम मंदिरासाठी निधी समर्पण अभियान झाले तेव्हाही दहा रुपयांचे कूपन होते. दहा रुपये देणारी शिरपूरची आदिवासी वस्तीतली म्हातारी मंदिराकडे पाहून ‘माझे’ म्हणते, ते त्या दहा रुपयांमुळे. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगावच्या मठांतून गोळा करून वाचवली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७मध्ये, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. यामागे कोणी अब्जाधीश नव्हता. वकील, मास्तर, वैद्य, छोटे व्यापारी यांचे ते काम होते. जळगावात डॉ. अविनाश आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली जनता सहकारी बँक काढली ती सामान्य सभासदांच्या भागभांडवलावर. केशवस्मृती प्रतिष्ठानची रक्तपेढी आणि इतर कामे याच वातावरणात वाढली.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र आपल्या सेवाकार्यांत एक बदल शिरला आहे. मूठभर धान्य गोळा करणारी, महिन्याला पन्नास रुपयांसाठी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढणारी कार्यकर्त्यांची फळी विरळ झाली आणि कंपन्यांना प्रस्ताव लिहिणारी माणसे आली. एक मोठा धनादेश आला की हजार दारे ठोठवावी लागत नाहीत. हिशेब सोपा होतो, इमारत लवकर उभी राहते. पण त्या हजार दारांशी असलेला संपर्कही त्याच दिवशी तुटतो, याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. निधीसंकलन हे संपर्काचे निमित्त आहे, असे आपले ज्येष्ठ सांगत असत. आता संपर्क हे निधीसंकलनाचे निमित्त झाले आहे. तीन वर्षांनी कंपनीचे धोरण बदलते, ‘शिक्षणा’ऐवजी ‘कौशल्य’ हा शब्द येतो आणि वस्तीतला चांगला चाललेला अभ्यासवर्ग बंद पडतो. मुले विचारतात, दादा का येत नाही? दादाचे मानधन ज्या शीर्षकाखाली येत होते ते शीर्षक यंदा नाही, हे त्यांना कोणत्या भाषेत सांगायचे?

सहकार हा शब्द उच्चारला की काम झाले असेही नाही. जळगावात मुख्यालय असलेली एक बहुराज्यीय पतसंस्था २०१५च्या सुमारास कोसळली आणि हजारो ठेवीदारांच्या निवृत्तीची पुंजी अडकली. सभासद होते, भाग होते, वार्षिक सभाही होत होत्या. पण सभेत प्रश्न विचारणारे नव्हते. वाटा मिळाला की तो राखण्याची जबाबदारीही येते आणि ती आपण मध्यमवर्गीयांनी टाळली.

ती पाळली तर काय होते, हे पाहायचे असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जावे. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा हे नाव शहरांत पोहोचले. खानदेश ते त्याआधी तीन दशके ऐकत होता. बोडक्या झालेल्या डोंगराचे राखण गावाने स्वतःच्या नियमांनी केले. झाड तोडणाऱ्याला दंड, चोरटी तोड दाखवून देणाऱ्याला बक्षीस, राखणीच्या पाळ्या लावलेल्या. सुमारे ४४५ हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले, रानभाज्यांचा महोत्सव पाहायला शहरातून माणसे येऊ लागली. २००३ साली आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने त्यांच्या कामाची दखल घेतली. मदत बाहेरून आलीच नाही असे नाही. कल्याण आश्रम पाठीशी होता, डॉ. आनंद फाटक यांच्यासारखे कार्यकर्ते होते. पण दंड किती घ्यायचा, कोणत्या महिन्यात सरपण आणायचे, हे बारीपाड्याच्या माणसांनी ठरवले. बाहेरून आलेल्याने ते ठरवले असते तर पहिल्याच दुष्काळात कुऱ्हाडी बाहेर निघाल्या असत्या.

व्यवसायातही हे शक्य आहे. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातले भवरलाल जैन १९६३ साली घासलेट विकण्यापासून सुरुवात करून ठिबक सिंचनापर्यंत पोहोचले. ‘गांधीतीर्थ’ ही जळगावातली त्यांची भव्य वास्तू २०१२ साली उघडली आणि ती प्रेक्षणीय आहे. पण गांधीजींचा विश्वस्ताचा विचार मला त्या वास्तूपेक्षा यावल-रावेरच्या केळीच्या बागेत अधिक दिसतो. तेथे ठिबकच्या नळीने आणि ऊतीसंवर्धित रोपाने शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले, आणि त्यासाठी त्याला कोणाचा लाभार्थी व्हावे लागले नाही.

आणि कापूस? दान करणाऱ्या प्रत्येक घराण्याच्या मुळाशी खानदेशात कापूस आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेच्या शुल्कवाढीने अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगाला दिलासा द्यायला हवा होता, हे समजते. पण तो दिलासा कोणाच्या खिशातून गेला? २०२५-२६साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला होता आणि नेमके आपले बोंड फुटायच्या वेळी बाहेरच्या गाठींना दार उघडले गेले. गिरणीमालकाला स्वस्त कापूस मिळाला. शेतकरी खरेदी केंद्रापुढच्या रांगेत उभा राहिला. त्या गिरणीमालकाने उद्या याच नफ्याच्या दोन टक्क्यांतून आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील मुलांसाठी वसतिगृह काढले, तर आपण त्याच्या उद्घाटनाला जाणार, शाल-श्रीफळ देणार आणि फलकावरचे नाव वाचून टाळ्या वाजवणार. व्यासपीठावर बसलेल्यांत कापसाचा भाव विचारणारा एकही नसेल, आणि असलाच तर सूत्रसंचालक त्याला वेळेची आठवण करून देईल.

मार्चअखेर जवळ आली की आपल्या संस्थांचे कार्यकर्ते कंपन्यांकडे पाठवायचे प्रस्ताव लिहायला बसतात. उद्दिष्टे, लाभार्थी संख्या, अपेक्षित परिणाम, छायाचित्रे, असे रकाने त्यात असतात. यंदा त्यात आणखी दोन रकाने आपल्या हाताने आखावेत. ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांच्यापैकी किती जण निर्णय समितीत आहेत, हा एक. आणि ही कंपनी आपल्या परिसरातल्या शेतकऱ्याला आणि कंत्राटी कामगाराला गेल्या वर्षी काय देत होती, हा दुसरा. कंपनीने या रकान्यांमुळे प्रस्ताव परत पाठवला, तर तो प्रस्ताव आणि परत आलेले पत्र दोन्ही या साप्ताहिकाकडे पाठवावे. आम्ही छापू.